आप्पांचा न विकलेला बाक

आप्पा सुतार लाकूड चाटतात.

हे मी अलंकारिक बोलत नाही. आपण आंबा घेताना देठाशी नाक नेतो, तसे आप्पा लाकूड घेताना त्याला जीभ लावतात, डोळे मिटतात आणि मग त्या झाडाची कुळकथा सांगतात. डोंगराच्या कुठल्या अंगाला वाढलं, तोडल्यावर किती उन्हाळे पडून होतं, त्या शेताचा मालक देणारा होता की चिक्कू. शेवटचं मी पदरचं घातलंय, पण फार नाही.

राजगडाच्या पायथ्याला गुंजवण्यात माझी खानावळ आहे. गड उतरून आलेली माणसं अंगणात बसून पिठलं-भाकरी खातात, आणि त्यांना बसवायचं कशावर हा माझा जन्माचा प्रश्न. आधी प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. आमचा पावसाळ्यातला वारा पाहुण्यांची भीड ठेवत नाही. एक खुर्ची धरणात पोहताना सापडली, दुसरी तोरण्यावर पोचली असा माझा दावा आहे, आणि तो अजून कुणी खोडलेला नाही. तेव्हा ठरवलं, लाकडाचं घ्यायचं. आणि लाकूड म्हटलं की आप्पा.

शिवऱ्याजवळ हायवेला बागेत ठेवायच्या खुर्च्या-बाकांचं एक दुकान होतं. आप्पांना घेऊन गेलो. दुकानदार पांढऱ्या शर्टातला, बोलायला मध. म्हणाला, शुद्ध साग आहे, दहा वर्षं बाहेर ठेवा, काही होणार नाही. आप्पांनी एक खुर्ची उलटी केली, तिच्या पायापाशी उकिडवे बसले आणि तो पाय चाटला. शेजारी झोपाळा बघणाऱ्या बाईंनी आपलं पोर जवळ ओढलं. दुकानातले दोन दांडगे गडी हातातलं काम ठेवून आमच्याकडं सरकले.

"आंबा हाय," आप्पा म्हणाले. "वरनं सागाचा रंग मारलाय. आन त्यातबी कडंचं पांढरं लाकूड. भुंग्याचं जेवान."

दुकानदाराचा मध आटला. तुम्ही कोण लागून गेलात विचारणारे, असं तो म्हणाला. गडी आणखी दोन पावलं सरकले. आप्पांनी शांतपणे जीभ उपरण्याला पुसली.

"मी कशाला विचारतोय? पाऊस विचारील."

मी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं, नाहीतर त्या दिवशी आम्हा दोघांची लाकडं तिथंच रचली असती.

'पाऊस विचारील' हे आप्पांचं ब्रह्मवाक्य. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो. चार महिने तो पडत नाही, राहायलाच येतो. भिंतीला शेवाळ, चपलेला शेवाळ, आमच्या एका मेहुण्याच्या पाठीला शेवाळ आलेलं मी पाहिलंय. अशा पावसात उघड्यावर टिकेल तेच लाकूड, बाकीचं सरपण, असा आप्पांचा हिशेब. साग मिळाला तर उत्तम, पण गाभ्याचा. नाहीतर ऐन. ओल्यातच नांदायचं असेल तर जांभूळ, कारण विहिरीच्या तळाशी पूर्वी जांभळाचंच लाकूड घालायचे आणि ते नातवंडांना पुरायचं. फळ्यांच्या मधे एक भाकरी उभी जाईल एवढी फट ठेवायची, म्हणजे पाणी थांबत नाही. वार्निशचं नाव काढलं तर आप्पा तोंड फिरवतात. वार्निश म्हणजे लाकडाला घातलेला रेनकोट, आत घाम मरतो आणि लाकूड कुजतं. त्यापेक्षा पावसाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा जवसाचं तेल चोळायचं, कोरड्या चिंधीनं पुसायचं. बाकाचे पाय मातीत टेकवायचे नाहीत, दगडावर ठेवायचे, आणि दगडाला टेकणाऱ्या टोकांना तेवढं बिब्ब्याचं तेल.

बिब्बा म्हणजे आमच्या रानातलं काळं बोंड. त्याचं तेल लाकडाला अमृत, वाळवी वाटेला जात नाही. पण माणसाच्या कातडीला लागलं की दुसऱ्या दिवशी तिथं लिंबाएवढे फोड. म्हणून ते फक्त तळाला. जिथं माणसाचं अंग लागतं तिथं बिब्बा लावणारा सुतार आणि पाण्यात विष कालवणारा माणूस आप्पांच्या मते एकाच तुरुंगात पाहिजेत.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे, नवा बाक आप्पा गिऱ्हाइकाला देतच नाहीत. तो आधी त्यांच्या घरामागच्या उतारावर एक पावसाळा उभा राहतो. दिवाळीनंतर आप्पा त्याला चाटतात, ठोकतात, त्याच्यावर उडी मारतात, आणि पास झाला तरच तो विकतात. माझे सहा बाक मला असे दीड वर्षानं मिळाले. त्यातला एक नापास झाला म्हणून पाचच मिळाले.

त्या उतारावर एक बाक मात्र कधीच हलत नसे. अकरा पावसाळे तिथंच. काळसर, जाड, बैलासारखा. गडावर येणारे पुण्याचे लोक त्याच्यावर हात फिरवून भाव विचारायचे. आप्पा सांगायचे, त्यो दिलेला हाय. कुणाला, ते नाही सांगायचे.

मला माहीत होतं. गावात सगळ्यांनाच माहीत होतं.

धरणाचं पाणी चढायच्या आधी खालच्या वाडीतली घरं लोकांनी स्वतःच्या हातानं उतरवली. आप्पा आणि त्यांचे थोरले भाऊ, दादा, यांचं घर एक होतं. कौलं वाटली, दारं वाटली, आणि मधली तुळई राहिली. अस्सल ऐनाची, आजोबांनी बसवलेली, एक तुळई आणि दोन भाऊ. दादांना लांब खाली उसाच्या मुलखात जमीन मिळाली होती. ते म्हणाले, मधोमध कापू. आप्पा म्हणाले, तुळई कापायची नसते. ज्या दिवशी दादांचा टेम्पो निघायचा त्या पहाटे आप्पांनी ती तुळई एकट्यानं ओढत नेऊन ओढ्याच्या डोहात बुडवून ठेवली. दादांनी दुपारपर्यंत शोधली. मग टेम्पोत चढताना सगळ्या वाडीसमोर एवढंच म्हणाले, की जो सख्ख्या भावापासून लाकूड लपवतो, त्याच्या दारात मी आयुष्यात बसणार नाही.

दादा गेले. आठ दिवसांनी आप्पांनी तुळई बाहेर काढली, आणि न कापण्याचा हट्ट धरणाऱ्या त्या माणसानं तिचाच बाक केला. दोघं बसतील एवढा. पण ज्याच्यासाठी केला त्यानं बसायचंच नाही म्हणून सांगितलेलं. अकरा वर्षं दोघांत शब्द नाही. आप्पा वर्षातून दोनदा त्या बाकाला तेल देत राहिले.

यंदा मार्गशीर्षात वेल्ह्याच्या एका घराची सोयरीक जमली, ती नेमकी दादांच्या नातीशी. सुपारी कुठं फोडायची, तर मुलाकडच्यांनी माझं अंगण ठरवलं. म्हणजे दादा येणार. मी हे आप्पांना सांगितलं तेव्हा ते रंधा मारत होते. रंधा थांबला नाही, पण पुढचा तासभर त्यांनी त्याच फळीवर तो चालवला. आधी दोन इंच जाड असलेली फळी शेवटी पापडासारखी झाली.

आदल्या दिवशी आप्पांनी तो बाक चार गड्यांकडून माझ्या अंगणात आणवला. पूर्वेला तोंड करून ठेवला, मग नको म्हणून पश्चिमेला, मग पुन्हा पूर्वेला. गडी कंटाळून बाकाखालीच बसले. आप्पांना दाढी करायला आणि नवं धोतर घ्यायला वेल्ह्याला जायचं होतं. जाताना मला म्हणाले, माझ्या छपरीत तेलाचा डबा आहे, एक हात मार बाकाला, लई नको, आणि पुसून काढ.

छपरीत डबे दोन होते. सारखेच, तुपाचे, जुने. आप्पा नाकानं ओळखतात, त्यामुळे डब्यावर काही लिहायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. माझं नाक सर्दीनं बंद होतं. एकात पिवळट तेल होतं, दुसऱ्यात काळं. मी म्हटलं, पावण्यांसमोर बाक कसा गडद दिसला पाहिजे. घेतला काळा. वाकायचा कंटाळा म्हणून काठीला चिंधी गुंडाळली आणि पाठीपासून बैठकीपर्यंत सढळ हातानं दोनदा फिरवली. पुसला नाही. पुसलं तर चकाकी जाईल असं वाटलं. बाक असा झळकत होता की मी स्वतःचीच पाठ थोपटली. सुदैवानं हात काठीवर होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी बायको सुमन रांगोळी काढायला अंगणात गेली आणि तशीच परत आली. रांगोळीचा डबा तिच्या हातात तसाच होता.

"अहो, बाकाला काय लावलंत?"

मी म्हटलं, तेल. तिनं दुसऱ्या हातातला तेलाचा रिकामा डबा माझ्या नाकाखाली धरला. सर्दी तेवढ्यात सुटली म्हणा, नाहीतर भीतीनं नाक उघडलं म्हणा, मला वास आला. बिब्बा.

आता इथं एक गोष्ट सांगायची राहिली. दादांना बिब्बा भयंकर उततो. लहानपणी आप्पांनी गंमत म्हणून झोपलेल्या दादांच्या कपाळावर बिब्ब्याचा टिळा काढला होता. दादांचं तोंड भोपळ्याएवढं झालं, आठ दिवस डोळे उघडले नाहीत, वाडीनं आशा सोडली होती. तेव्हापासून दादा बिब्ब्याच्या झाडाच्या सावलीतूनही जात नाहीत. आणि मी त्या माणसासाठी बिब्ब्याचं सिंहासन सजवून ठेवलं होतं.

रॉकेल आण, राख आण, आम्ही दोघांनी बाक घासायला सुरुवात केली. लाकूड तहानलेलं, तेल प्यालेलं, घासावं तसं ते आणखी वर यायला लागलं. हलवावा म्हटलं तर चार गडी लागतात, आणि चारही गडी मुलाकडच्यांना आणायला रस्त्यावर गेलेले. एवढ्यात खाली गाडीचं दार वाजलं. मी घरातली सतरंजी ओढली आणि बाकावर टाकली. बघता बघता सतरंजीवर काळे डाग उमटायला लागले.

मान वर केली तर आप्पा अंगणात येऊन उभे होते. नवं पांढरं धोतर, गुळगुळीत दाढी, कपाळाला बुक्का. माझा चेहरा बघून त्यांनी नुसत्या भुवया उचलल्या. मी कानात सांगितलं. सांगताना मला वाटलं, हे आता मला वाकसानं तासतील. पण ते माझ्याकडं बघतच नव्हते. दादा गाडीतून उतरत होते.

दादा थकले होते. गुडघ्यावर हात ठेवून चढ चढत होते, बाजूला मुलगा, मागं नात. त्यांच्या पाठोपाठच मुलाकडचे लोकही येऊन पोचले. व्याही हातात सुपारीचं तबक घेऊन पुढं झाले. दादांनी सगळ्यांना रामराम केला. आप्पांच्या बाजूला बघितलंसुद्धा नाही. मला हायसं वाटलं. न बघता एखाद्या दुसऱ्या बाकावर बसतील, सुपारी फुटेल, जेवतील, जातील. भांडण राहील, पण माणूस वाचेल.

पण दादाही सुतारच. सतरंजीखालून बाकाचा पाय दिसत होता. त्यांची नजर तिथं अडकली. ते थांबले. हळूच बाकापाशी आले आणि काठीच्या टोकानं सतरंजी बाजूला सारली. बाकाच्या कडेला एक जुनी खाच होती, तुळई खांबावर बसवताना आजोबांनी पाडलेली. आप्पांनी ती तशीच ठेवली होती. दादा त्या खाचेकडं बघत राहिले. 

मग दादांनी काठी दुसऱ्या हातात घेतली, धोतराचा सोगा सावरला, आणि ते बसायला वाकले.

अकरा वर्षं ज्या क्षणासाठी आप्पांनी बाकाला तेल पाजलं, तो हा. मी आप्पांकडं बघितलं. ते एक पाऊल पुढं झाले.

"दादा, हितं बसू नको."

दादा अर्धे वाकलेले तसेच थांबले. मग सरळ झाले. त्यांचा तेव्हाचा चेहरा मला पुन्हा बघायचा नाही.

"ऐकलंत का पावनं," ते व्याह्यांना म्हणाले, अगदी हळू. "अकरा वर्सांनी माझा भाऊ बोलला."

आणि ते वळले. मुलगा त्यांच्या पाठोपाठ, नात रडवेली. व्याह्यांनी तबक खाली ठेवलं. आप्पांनी बिब्ब्याचं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला कळलं का मिटलं ते. सांगितलं असतं, तर दादांना लहानपणचा तो टिळा आठवला असता. भावानं मुद्दाम लावला, पुन्हा एकदा, असंच वाटलं असतं. बोललं तरी घात, नाही बोललं तरी घात.

तेव्हा आप्पांनी जे केलं ते फक्त आप्पाच करू जाणे. ते नव्या धोतरानिशी त्या बाकावर बसले. नुसते बसले नाहीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत घसरत गेले, आणि मग परत आले. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. दादा फाटकापाशी थांबून बघत होते. त्यांना वाटलं असणार, बघ, तुझी जागाही मीच घेतली, असं दाखवतोय.

मी भित्रा माणूस आहे. गावात माझी ख्याती तशी आहे आणि ती खरी आहे. पण त्या धोतरावर काळे पट्टे उमटताना बघून माझ्याच्यानं राहवलं नाही.

"दादा, त्या बाकावर बिब्बा आहे. मी लावलाय. आप्पांना माहीत नव्हतं. चुकून लावला."

दादा दोन पावलं परत आले. नाक वर करून हवा हुंगली. मग आणखी दोन पावलं. आप्पा अजून घसरतच होते.

"ऊठ," दादा म्हणाले.

"न्हाई. पुसतोय."

"कशानं पुसतोयस?"

आप्पा दुसऱ्या टोकाकडं घसरले. ते पुसत राहिले.

"ऊठ म्हंतो ना येड्या. चामडी जाईल."

दादांनी काठी टाकली आणि भावाचं मनगट धरून त्याला ओढून उभं केलं. मग दोघं तसेच उभे राहिले. मनगट सुटलं नाही. सुपारी फुटली तेव्हा सगळे बसले होते आणि हे दोन म्हातारे तेवढे उभे होते, एक बसायला कुठं जागा नाही म्हणून, आणि दुसरा बिब्ब्याच्या धोतरानं कुठंच बसू शकत नव्हता म्हणून.

दुसऱ्या दिवशी आप्पांना फोड आले. किती आणि कुठं, हे सभ्य वाचकांना सांगायची गरज नाही. पालथे पडून होते. दादांनी मुलाला आणि नातीला पुढं पाठवून दिलं आणि आपण माझ्या खानावळीत खोली घेतली. रोज सकाळी आप्पांच्या घरी जायचे, खोबरं आणि तीळ पाट्यावर वाटायचे, आणि तो लेप भावाला लावायचे. पण शपथ ती शपथ. आप्पांच्या घरात ते उभे राहायचे, नाहीतर उकिडवे व्हायचे. उकिडवं म्हणजे बसणं नव्हे, असा त्यांचा कायदा होता. वाटताना गुडघे कटाकटा वाजायचे, तरी बुड जमिनीला टेकवायचे नाहीत. बोलणंही बेताचंच. हल नको. जळतंय. जळू दे.

नवव्या दिवशी दादांनी पिशवी भरली. दहाची एसटी होती, तिकडं ऊस तोडायला आला होता. निरोप घ्यायला ते आप्पांकडं गेले, मी पिशवी घेऊन बरोबर. आप्पा पालथेच. मी पाठीमागून बघितलं, फोड केव्हाच सुकले होते, खपल्याही गळून पडल्या होत्या, नवी कातडी पोराच्या गालासारखी गुलाबी. तो माणूस दोन दिवसांपूर्वीच उठून गडावर जाऊ शकला असता.

"येतो मग," दादा म्हणाले.

आप्पांनी उशीत तोंड खुपसलं आणि कण्हायला सुरुवात केली. असं कण्हणं, की परड्यातल्या कोंबड्या गप्प झाल्या.

मी बोलायला तोंड उघडलं. दादांनी माझ्याकडं बघून नुसती मान हलवली, नाही अशी. त्यांनाही दिसत होतं. रोज लेप तेच लावत होते, माझ्या आधी त्यांना दिसलं असणार.

त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेऊन खुंटीला अडकवली. शिंकाळ्यातली खोबऱ्याची वाटी काढली. मग पाट्यासमोर, भिंतीला हात देत, हळूहळू खाली झाले आणि मांडी घातली.

"लई दुखतंय का रं?"

"लई," आप्पा उशीतून म्हणाले.

खाली वळणावर एसटीनं हॉर्न दिला. दादा खोबरं वाटत राहिले, सावकाश, जाडंभरडं राहू नये म्हणून.